थांबताना अडखळणारी गाडी

गेल्या पावसाळ्याच्या अखेरची गोष्ट. साताऱ्याहून कासला फुले पाहायला गेलो होतो. गाडी मीच चालवत होते. शेजारी सासूबाई, मागे दोन्ही मुले आणि रिकाम्या डब्यांची पिशवी. परत येताना यवतेश्वरचा घाट उतरत होतो. एका वळणापुढे एस.टी. उभी दिसली. मी ब्रेकवर पाय ठेवला, क्लच दाबला, आणि इंजिनाने एक ठसका दिला. मग दुसरा. तिसऱ्या ठसक्याला इंजिन बंदच पडले. पुन्हा ब्रेक दाबायला गेले तर तो दगडासारखा कडक!

सीटला पाठ टेकवून पायात होता नव्हता तेवढा जोर लावला, हँडब्रेक ओढला, आणि गाडी एस.टी.च्या मागे हातभर अंतरावर थांबली. मुलांना काही कळलेसुद्धा नाही. सासूबाईंच्या मात्र लक्षात आले. त्या एवढेच म्हणाल्या, "अगं, गाडी बिघडलीय तर आधी सांगायचं ना!"

खरे सांगते, मला ते शब्द लागले. कारण गाडी बिघडली आहे हे मला दोन महिने ठाऊक होते. दोन गॅरेजेस करून झाली होती, ५,५०० रुपये गेले होते, आणि तरीही दुखणे जागच्या जागी होते. दोष कुणा एकाचा नव्हता. मेकॅनिकने विचारले, "काय होतंय?" मी म्हटले, "थांबताना अडखळते." झालं! इतक्या उत्तरावर त्याने तरी काय करायचे? पहिल्याने स्पार्क प्लग आणि फिल्टर बदलले. दुसरा म्हणाला, "साहेबांना पाठवा ना, त्यांच्याशी बोलतो." साहेब नोकरीच्या गावी, गाडी चालवणार मी, आणि बोलणार ते! त्याने थ्रॉटल बॉडी साफ केली आणि एक स्क्रू पिळून 'रेस' थोडी वाढवून दिली. गाडी छान चालू लागली. मीही खूश. त्या वाढवलेल्या रेसने दुखणे नुसते झाकले होते, हे घाटात कळले.

म्हणून आज हे लिहायला बसले आहे. आपल्यापैकी कितीतरी जणी आता मुलांना शाळेत सोडायला, बाजाराला, आईला दवाखान्यात न्यायला स्वतः गाडी काढतात. गाडी दुरुस्त करायला आपण शिकायचे नाही. ते ज्याचे त्याने करावे. पण बाळाला ताप आला की डॉक्टर काय विचारतात? केव्हा चढतो, केव्हा उतरतो, औषध दिल्यावर किती वेळाने पुन्हा येतो. गाडीचेही तसेच आहे. 'काय होतंय' यापेक्षा 'केव्हा होतंय' यात निदान असते, आणि ते 'केव्हा' गाडी रोज चालवणारीलाच माहीत असते.

मंद आचेवरची ज्योत

आधी थोडे समजून घेऊ, म्हणजे पुढचे सोपे जाईल. मी सांगते आहे ते पेट्रोलच्या गाडीबद्दल.

शेगडी मोठी असताना खिडकीतून वारा आला तरी ज्योत नुसती हलते. तीच ज्योत दूध आटवायला अगदी बारीक केलेली असताना तेवढाच वारा आला, तर विझते. इंजिनाचेही असेच आहे. रस्त्यावर धावताना ते भरपूर हवा आणि पेट्रोल घेत असते. थोडे कमी-जास्त झाले तरी निभावते. पण आपण एक्सलरेटरवरून पाय काढतो, क्लच दाबतो, आणि इंजिन एकटे आपल्या बळावर मंद फिरू लागते. छोट्या गाडीचे इंजिन तेव्हा मिनिटाला साधारण ७५० ते ९०० फेरे घेते. ही त्याची बारीक ज्योत.

पेट्रोल नीट जळायला वजनाने एका भागाला सुमारे १४.७ भाग हवा लागते. आजकालच्या गाड्यांत हा हिशेब एक छोटा संगणक ठेवतो. उतारावर किंवा वेग कमी होताना पाय उचललेला दिसला, की तो काही वेळ पेट्रोल बंदच करतो, आणि फेरे कमी होत आले की पुन्हा सुरू करतो. म्हणजे गाडी थांबत असतानाचा क्षणच मोठा नाजूक. त्या क्षणी कुठून चोरट्या वाटेने हवा आत आली, किंवा हवेची नेहमीची वाट काजळीने अरुंद झाली, की इंजिनाला ठसका लागलाच.

चोरटी हवा कशी येते? नारळपाण्याच्या नळीला मध्येच चीर असली तर काय होते ते आठवा. आपण ओढतो पाणी आणि तोंडात येते हवा. इंजिनही प्रत्येक फेऱ्याला हवा ओढत असते. त्याला जोडलेल्या एखाद्या रबरी नळीला चीर गेली, की तिथूनही हवा आत घुसते. कुकरची रबरी रिंग जुनी झाली की वाफ बाहेर निसटते. इथे उलटे, बाहेरची हवा आत शिरते. फुसफुस मात्र दोन्हीकडे सारखीच.

आठ दिवसांची वही

घाटातल्या त्या प्रसंगानंतर मी तीन दिवस गाडीला हात लावला नाही. मग मुलाच्या जुन्या वहीची कोरी पाने घेतली आणि रकाने आखले. शाळेत एखाद्या मुलाचे गणित वारंवार चुकते, तेव्हा उत्तर पाहून भागत नाही. कोणत्या पायरीवर चुकते ते पाहावे लागते. तसेच करायचे ठरवले. गावाबाहेर, चढ-उतारावर गाडी न्यायची नाही असे बजावून, घराजवळच्या सपाट रिकाम्या मैदानावर सकाळी गर्दी नसताना अगदी हळू चालवून पाहिले. रकाने असे होते:

इंजिन थंड आहे की तापलेले?
एसी चालू की बंद?
गियरमध्ये की न्यूट्रलमध्ये?
ब्रेकवर पाय होता की नव्हता?
फेऱ्यांचा काटा कुठवर खाली आला?
कसला आवाज, कसला वास?

तिसऱ्या दिवशीच वहीत एक गोष्ट स्वच्छ दिसू लागली. थंड असो वा गरम, एसी असो वा नसो, त्याने फरक पडत नव्हता. पण न्यूट्रल करून ब्रेक न लावता गाडी आपोआप हळू होऊ दिली, तर काटा शांतपणे ८००वर येऊन थांबायचा. ब्रेकवर पाय ठेवला, की ४००पर्यंत घसरायचा आणि सगळी गाडी थरथरायची. मग गाडी घरासमोर उभी केली, हँडब्रेक ओढला, चाकापुढे वीट लावली, आणि न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून नुसता ब्रेक दाबला. गाडी जागची हलत नाही, तरी इंजिन अडखळले! आणि काच वर करून कान दिला तर पायाशी 'सूंऽऽ' असा अखंड आवाज.

वही घेऊन तिसऱ्या मेकॅनिककडे गेले. मी जास्त काही बोललेच नाही. म्हटले, "तुम्ही बसा, इंजिन चालू करा आणि नुसता ब्रेक दाबा." त्याने दाबला, पुन्हा दाबला, बॉनेट उघडले, एक जाड रबरी नळी पक्कडीने आवळून धरली आणि मला म्हणाला, "आता तुम्ही दाबा, ताई." मी दाबला. इंजिन एकदाही अडखळले नाही. "बूस्टर गेलाय," तो म्हणाला. पाच मिनिटांत निदान!

बूस्टर म्हणजे काय?

बॉनेट उघडल्यावर चालकाच्या पुढ्यात एक थाळीएवढा गोल काळा डबा दिसतो. तोच ब्रेकचा बूस्टर. त्याच्या आत रबराचा पडदा असतो. इंजिन त्या डब्यातली हवा नळीतून ओढून घेते. आपण पेडल दाबले, की पडद्याच्या एका बाजूला बाहेरची हवा सोडली जाते आणि तिच्या दाबाने आपल्या पायाला मदत होते. म्हणून तर आपल्यासारखीच्या पायानेसुद्धा एवढी जड गाडी अलगद थांबते.

आमच्या गाडीत तो पडदा फाटला होता. त्यामुळे दरवेळी ब्रेक दाबला, की बाहेरची हवा फाटक्या पडद्यातून सरळ इंजिनात. इंजिनाला नको असलेली हवा मिळे आणि ब्रेकला हवी ती मदत मिळत नसे. तक्रारी दोन, कारण एकच. बूस्टर चांगला असेल तर इंजिन बंद पडल्यावरही त्यात एक-दोन वेळा ब्रेक लावण्याइतकी शक्ती साठलेली असते. आमच्या फाटक्या बूस्टरमध्ये ती टिकतच नव्हती, म्हणून घाटात ब्रेक दगड झाला. मी दोन महिने ज्याला 'जरासं अडखळणं' म्हणत होते, ते खरे तर ब्रेकचे दुखणे होते!

घरी करता येतील अशा तीन चाचण्या

गाडी सपाट जागी, उघड्यावर, हँडब्रेक ओढून आणि चाकाला वीट लावून उभी करा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि तो जीवघेणा असतो. मुलांना आसपास खेळू देऊ नका.

पहिली चाचणी: इंजिन बंद असताना ब्रेक चार-पाच वेळा दाबा. पेडल कडक होईल. तसेच दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली किंचित खाली गेले पाहिजे. गेले नाही, तर बूस्टरला मदत मिळत नाही.

दुसरी चाचणी: इंजिन एक-दोन मिनिटे चालवून बंद करा. आता ब्रेक दाबा. पहिल्यांदा पेडल खोल जावे, पुढे दरवेळी थोडे कमी आणि थोडे कडक. पहिल्याच वेळी कडक लागले, तर साठवण टिकत नाही.

तिसरी चाचणी: इंजिन न्यूट्रलमध्ये चालू ठेवून ब्रेक दाबा आणि अर्धा मिनिट धरून ठेवा. दाबताना क्षणभर 'फुस्' झाले, काटा जरासा हलून सावरला, तर काळजी नको. आवाज चालूच राहिला किंवा इंजिन थरथरू लागले, तर गाडी सरळ मेकॅनिककडे. शक्यतो त्यालाच घरी बोलवा. आणि तोवर घाट नाही, मुले नाहीत, महामार्ग नाही.

ब्रेकचा संबंध नसेल तर?

सगळ्याच अडखळणाऱ्या गाड्यांचा बूस्टर गेलेला नसतो. तुमची वही काय सांगते ते पाहा.

ब्रेक लावा न लावा, दर थांब्याला अडखळते आणि सिग्नलला उभी असताना काटा वर-खाली नाचतो? मग हवेच्या वाटेवर, म्हणजे थ्रॉटल बॉडीत, काजळी धरली असेल किंवा मंद फिरताना हवा सोडणारा व्हॉल्व्ह चिकटत असेल. साफसफाईने हे बहुधा सुटते. मात्र साफ केल्यावर किंवा बॅटरी काढून बसवल्यावर संगणकाला आपला जुना हिशेब नव्याने शिकावा लागतो. त्यामुळे काही गाड्या सुरुवातीला थोड्या कुरकुरतात, काहींना ते गॅरेजमधल्या यंत्रावर शिकवावे लागते.

एसी लावल्यावरच अडखळते? एसीचा कॉम्प्रेसर इंजिनावर भार टाकतो. तो भार पेलायला फेरे थोडे वाढायला हवेत, ते वाढत नसावेत. मेकॅनिकला एसी लावून आणि बंद करून, दोन्ही दाखवा.

सीएनजीवर अडखळते आणि पेट्रोलवर नाही? मग प्लग, पंप बदलण्याआधी गॅसचे किट तपासायला सांगा. आणि एअर फिल्टर तुंबला आहे का, तेही पाहायला सांगा.

थांबतानाच नव्हे, तर चढावर आणि वेग घेतानाही आचके देते? मग स्पार्क प्लग, कॉइल किंवा पेट्रोलचा फिल्टर आणि पंप यांच्याकडे संशय जातो.

गाडी बरेच दिवस उभी होती आणि मग हे सुरू झाले? बॉनेट उघडून उंदराच्या लेंड्या, कुरतडलेले रबर दिसते का पाहा. पावसाळ्यात उंदीर ऊब शोधत आत शिरतात, आणि एक कुरतडलेली नळी पुरेशी होते.

गाडी ऑटोमॅटिक आहे, गियरमध्ये असताना थांबताना बंद पडते आणि न्यूट्रलमध्ये ठीक चालते? मग दोष गियरबॉक्सच्या बाजूचा असू शकतो. हे नेमके याच शब्दांत सांगा.

कार्ब्युरेटरची जुनी गाडी कुणी जपून ठेवली असेल, तर तिच्या मंद फिरण्यासाठी पेट्रोल सोडणाऱ्या बारीक जेटमध्ये कचरा अडकतो. जेट साफ करून घ्यावा.

आणि हो, नव्याने शिकलेल्या मैत्रिणींनो, रागावू नका. गाडी जवळजवळ थांबेपर्यंत क्लच दाबायचा राहिला, तर धडधाकट गाडीसुद्धा गचके देऊन बंद पडते. पहिल्या दिवशी तेवढे तपासून घ्या, म्हणजे खर्च वाचेल.

काट्यांपाशी इंजिनाचा पिवळा दिवा लागत असेल, तर तो केव्हा लागला तेही लिहा. मेकॅनिक यंत्र लावून संगणकातली नोंद वाचतो. ती वाचून काय निघाले ते विचारा. नुसती पुसून टाकू देऊ नका. आमच्या गाडीत मात्र दिवा एकदाही लागला नव्हता. दिवा नाही म्हणजे दोष नाही, असे समजू नये.

गॅरेजमध्ये बोलायचे कसे?

"गाडी अडखळते" एवढेच सांगू नका. आणि "माझ्या मते बूस्टर गेलाय" असेही सांगायची घाई नको. ज्याची विद्या त्याला मान द्यावा. असे सांगा: "ब्रेकवर पाय ठेवला की अडखळते, नाही ठेवला तर नाही. उभ्या गाडीतही होते. मी दाखवते." दाखवता आले की वाद संपतो, आणि मग साहेबांना बोलवा असे कुणी म्हणत नाही.

काम झाल्यावर जुना भाग मागून पाहा. आणि ज्या चाचणीत दोष दिसला, तीच चाचणी गॅरेजच्या दारातच पुन्हा करून पाहा. "रेस थोडी वाढवून देतो" असे कुणी म्हणाले, तर विनयाने नको म्हणा. तापाचे कारण न शोधता नुसते अंगावर थंड पाणी ओतण्यासारखे आहे ते. आणि चोरटी हवा शोधायला मेकॅनिक इंजिनावर एक फवारा मारतात, त्याची नक्कल घरी करू नका. तो पेट घेतो.

आणि रस्त्यातच बंद पडली तर?

हे मुलांना पाढे शिकवतो तसे पाठ करून ठेवा. ब्रेक एकदाच दाबा, घट्ट दाबा आणि सोडू नका. पुन्हा पुन्हा दाबला तर साठलेली मदत संपते. पेडल कडक लागले तरी ब्रेक मेलेला नसतो. त्याला फक्त आपल्या पायाचा सगळा जोर लागतो. पुरेसा वेग असेल आणि गाडी गियरमध्ये असेल, तर क्लच सोडा. फिरणारी चाके इंजिनाला फिरवतात, गाडीला आवर बसतो आणि कित्येकदा इंजिन पुन्हा सुरूही होते. हँडब्रेक हळूहळू ओढा, एकदम हिसका देऊ नका. स्टेअरिंग जड होईल, पण वळेल. चालत्या गाडीत किल्ली काढू नका, नाहीतर स्टेअरिंगच कुलूपबंद होईल. चारी दिवे लुकलुकते ठेवून गाडी कडेला घ्या.

मला यातले त्या दिवशी काहीच माहीत नव्हते. जोर लावला तो भीतीपोटी, आणि एस.टी. हातभर लांब होती म्हणून निभावले.

बूस्टर बदलून आता वर्ष होत आले. रेसही पूर्वीच्या जागी आणून घेतली. ती वही मात्र टाकली नाही. गाडीच्या कप्प्यातच असते. परवा सासूबाईंनी ती उघडून पाहिली आणि म्हणाल्या, "माझ्या रक्तदाबाचीसुद्धा अशीच लिही की!" त्याच संध्याकाळी मागच्या पानावर रकाने आखून दिले. तुमच्याही घरी एखादी अर्धी कोरी वही असेलच. आज गाडीत नेऊन ठेवा, आणि पहिल्या ठसक्यालाच लिहायला लागा. मी लावले तसे दोन महिने लावू नका.